चूक दाखविणारे आणि चूक सुधारणारे

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात कुरुंदा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात काही बोलावे अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही दिले. ‘इंग्रजीत आपल्या हातून होणाऱ्या चुका आणि त्या चुका काढणारे लोक’ हा विषय मी त्यांना कळविला, तेव्हा ते थोडे हसले असावेत. मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून हयात घालविलेल्या मास्तराने इंग्रजीवर व्याख्यान द्यावे हे धारिष्टच म्हटले पाहिजे. मी इंग्रजीचा पंडित नव्हे, हे प्रथमच सांगून टाकतो. परंतु इंग्रजीत चुका करण्याचा आणि मुलांच्या चुकांवर तांबडी शाई ओढण्याचा, असा दोन्ही बाजूंचा अनुभव मजपाशी सदतीस वर्षांचा आहे. त्या अनुभवात एक अपराधही आहे. तो आज आपणांसमोर सांगितल्यावाचून मला राहवणार नाही.

ज्या गावी आपण जमलो आहोत ते कुरुंदा महाराष्ट्राला एका आडनावामुळे परिचित झाले. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी नांदेडात शाळामास्तर म्हणून आरंभ केला आणि पुढे ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांचे वाचन अफाट होते. पण जे सांगावयाचे ते त्यांनी मराठीत सांगितले आणि उभ्या महाराष्ट्राने ते ऐकले. तेव्हा विद्वत्ता आणि इंग्रजीची सफाई या दोन वस्तू एकच नव्हेत, हे निदान या गावात तरी निराळे सिद्ध करावयास नको.

परभाषेतील चुकांची लाज आपल्या मराठवाड्याला इंग्रजीने प्रथम शिकविली असेही नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतून चाले. माझे वडील त्या काळी चार इयत्ता शिकले. कचेरीत अर्ज द्यावयास गेले की त्यांच्या उच्चारावरून तेथील कारकून एकमेकांकडे पाहून हसत, असे ते सांगत. ज्याचे उच्चार स्वच्छ त्याचे ‘शीन-काफ दुरुस्त’ आहेत, असे त्या वेळी म्हणत. वडिलांचे शीन-काफ कधीच दुरुस्त झाले नाहीत. म्हणून ते कचेरीत जाताना शेजारच्या एका पटवाऱ्यास सोबत नेत आणि स्वतः मुकाट्याने मागे उभे राहत. पुढे उर्दू गेली आणि तिच्या जागी इंग्रजी आली. मुकाट्याने मागे उभे राहणे मात्र गेले नाही.

आता चुकांकडे वळू. आपली मुले इंग्रजीत ज्या चुका करतात त्या वेड्यावाकड्या, वाटेल तशा होत नसतात. अनेक वर्षे वह्या तपासल्यावर माझ्या ध्यानात आले की त्याच त्या दहा-बारा चुका दरवर्षी नव्या मुलांच्या वह्यांतून परत येतात. याचे कारण मुलांचा मठ्ठपणा नसून आपली मायबोली आहे.

मूल लिहिते, ‘ही डिडंट वेंट.’ मास्तर म्हणतात, भूतकाळ दोनदा कशाला? पण मराठीत आपण ‘तो गेला नाही’ असेच म्हणतो. नकार आला म्हणून ‘गेला’चे ‘जा’ होत नाही. इंग्रजीत ‘डिड’ने भूतकाळ आपल्या अंगावर घेतला की पुढचे क्रियापद मोकळे होते. ही व्यवस्था आपल्याकडे नाही, म्हणून मुलाने आपली व्यवस्था तेथे नेली. दुसरे मूल लिहिते, ‘ही इज अँग्री ऑन मी.’ का? तर मराठीत माणूस ‘माझ्यावर’ रागावतो. इंग्रजीत तेथे ‘विथ’ लागतो. उलट लग्नाच्या बाबतीत आपण ‘त्याच्याशी’ लग्न झाले म्हणतो, म्हणून आपली सुशिक्षित मुलगीही ‘मॅरीड विथ’ म्हणून जाते आणि तेथे नेमका ‘टू’ हवा असतो. ‘त्याविषयी चर्चा केली’ यातील ‘विषयी’ आपण इमानाने ‘डिस्कस अबाउट’मध्ये ठेवतो, इंग्रजीत ‘डिस्कस’ला त्या ‘अबाउट’ची गरज नसते. ‘माझा एक मित्र’ याचे ‘वन ऑफ माय फ्रेंड’ होते आणि शेवटचा अनेकवचनी ‘स’ राहून जातो.

‘मी आजच आलो’ यातील ‘च’ हे एक अक्षर मराठीत केवढे काम करते! त्याला इंग्रजीत जागा सापडत नाही, म्हणून आपण ‘आय केम टुडे ओन्ली’ म्हणतो. ‘तुम्ही येणार, नाही का?’ यातील ‘नाही का’ आपल्याकडे सर्व वाक्यांना एकच चालते. इंग्रजीत ते क्रियापदाप्रमाणे बदलते, म्हणून आपण सगळीकडे ‘इजंट इट’ ठोकून देतो. आणि ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या तीन उपपदांविषयी तर काय सांगावे? मराठीत ती नाहीतच. जी वस्तू आपल्या घरात कधी नव्हती ती कोठे ठेवावी हे एकाएकी कसे कळणार? उलट एखाद्या इंग्रजास विचारा, ‘टेबल’ नपुंसकलिंगी, ‘खुर्ची’ स्त्रीलिंगी आणि ‘पलंग’ पुल्लिंगी का? तोही असाच डोके खाजवीत बसेल.

हे सर्व मला आज कळते. त्या काळी कळत नव्हते, आणि येथेच माझा अपराध येतो.

सन १९८६ मधील गोष्ट. मी सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत होतो. गावाचे व मुलाचे नाव सांगत नाही. ‘माझे वडील’ या विषयावर प्रत्येकाने उभे राहून पाच वाक्ये बोलावयाची होती. एक शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने किरकोळ पण धीट, सर्वांआधी उठला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, ‘माय फादर आर अ फार्मर.’ मी त्याला थांबविले आणि विचारले, “का रे, तुला वडील किती आहेत?”

वर्गात हशा पिकला. मीही हसलो. खरे सांगावयाचे तर माझ्या विनोदावर मी खूश झालो होतो. मुलगा गोरामोरा झाला, पण लगेच बसला नाही. हळूच म्हणाला, “गुरुजी, बापाला एकेरी कसं म्हणायचं?” मी म्हणालो, “इंग्रजीत आदरबिदर काही नसतो. ‘इज’ म्हण आणि बस खाली.” तो बसला. नियम मी बरोबर सांगितला होता. तरीही त्या वर्षी इंग्रजीच्या तासाला तो मुलगा पुन्हा कधी उठला नाही, आणि सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

शाळा सोडण्याला घरची गरिबी, शेतीतील काम अशी अनेक कारणे असतील. सर्व भार मी माझ्या एका विनोदावर टाकीत नाही. पण पुढे कित्येक वर्षांनी वसमतला हळदीच्या बाजारात तो मला भेटला. पाया पडला, चहा पाजला. बोलण्याच्या ओघात म्हणाला, “गुरुजी, त्या दिवशी तुमी हसलात, मंग मी बोलायचंच सोडलं. आता बाहेरचा व्यापारी आला की पोराला पुढं करतो.” त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. मला माझे वडील आठवले, पटवाऱ्याच्या मागे उभे राहणारे.

सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. ज्यांनी स्वतः इंग्रजी पाचवीत पाहिले, अशा आम्हां मास्तरांवर ते शिकविण्याची जबाबदारी आली. त्यासाठी भरलेल्या एका प्रशिक्षण वर्गात मी वारांची नावे वाचताना बुधवारचा उच्चार अक्षरांबरहुकूम ‘वेडनेसडे’ असा केला. शिकविणारे गृहस्थ माझ्याहून वीस वर्षांनी लहान होते. त्यांनी माझ्या उच्चाराची नक्कल करून दाखविली आणि चाळीस मास्तर हसले. तेव्हा कोठे त्या मुलाच्या जागी उभे राहणे म्हणजे काय ते मला समजले. मी घरी आलो आणि हट्टाने व्याकरणाची पुस्तके वाचू लागलो. त्या वाचनात मला जे सापडले ते सांगतो.

इंग्रजीत एकाला उद्देशून पूर्वी ‘दाऊ’ म्हणत आणि ‘यू’ हे अनेकांसाठी होते. पुढे मोठ्या माणसाला आदराने ‘यू’ म्हणण्याची रीत पडली, जसे आपण एकालाच ‘तुम्ही’ म्हणतो. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स याच्या क्वेकर पंथीयांनी लहानथोर सर्वांना ‘दाऊ’च म्हणावयाचे ठरविले, तेव्हा मोठ्या लोकांना तो आपला अपमान वाटला. अखेर ‘दाऊ’ मागे पडला आणि एकाला असो की शंभरांना असो, ‘यू’ एवढेच उरले. मग एका माणसाशी बोलताना कित्येक इंग्रज तर्काने ‘यू वॉज’ म्हणू लागले. १७६२ साली रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने इंग्रजीचे व्याकरण लिहिले. त्याने ही चूक ठरविली आणि एकाला म्हटले तरी ‘यू’बरोबर अनेकवचनी ‘वेअर’च हवे असे सांगितले.

म्हणजे काय झाले ते पाहा. आदरार्थी अनेकवचन इंग्रजीतही आले, टिकले आणि नियम होऊन बसले. माझ्या विद्यार्थ्याने तोच न्याय वडिलांना लावला, एवढेच. त्याचे वाक्य इंग्रजीच्या आजच्या रीतीने चूक होते आणि आजही चूकच आहे. पण त्या चुकीत मूर्खपणा नव्हता. त्यात बापाविषयीचा आदर होता. ‘इंग्रजीत आदरबिदर नसतो’ हे माझे विधानच अर्धवट होते. आम्हां दोघांत अधिक मोठी चूक कोणाची, ते आपणच ठरवा.

चुका काढणाऱ्यांचाही एक इतिहास आहे. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, असा आक्षेप कवी ड्रायडन याने १६७२ साली घेतला. इंग्रज लोक मात्र तेव्हाही तसे बोलत आणि आजही बोलतात. आपल्या मुंबई इलाख्यात मुलकी सेवेत असलेले जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ साली ‘इंडियन इंग्लिश’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदी लोकांच्या इंग्रजीत वाक्प्रचारांच्या ज्या चुका होतात त्यांचाच तो ग्रंथ आहे. आपल्या चुकांना एका साहेबाने अख्खे पुस्तक दिले, याचा राग मानावा की अभिमान, हे ज्याने त्याने ठरवावे. आज आपण सर्रास वापरतो तो ‘प्रीपोन’ हा शब्द, म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी घेणे, पूर्वी चूक म्हणून खोडला जाई. तो आता ऑक्सफर्डच्या कोशांत जाऊन बसला आहे.

आणि मराठीचे काय? मेजर टॉमस कँडी या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात आपल्या शाळांची मराठी पुस्तके तपासली व सुधारली. परक्याने आपली भाषा दुरुस्त करावी हे अनेकांना खटकले, आणि शाळाखात्याच्या त्या साच्यातील मराठीवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत टीका केली. पण स्वल्पविराम, पूर्णविराम ही विरामचिन्हे मराठीत रुळविण्यात त्याच कँडीचा मोठा हात होता, आणि ती आपण आनंदाने ठेवून घेतली. सुधारणा करणारा परका असला म्हणून त्याचे सर्व टाकू नये आणि सर्व स्वीकारूही नये, हा त्यातला बोध.

आमच्या वडिलांच्या पिढीची पत्रे काढून पाहा. त्यांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कां’ असे अनुस्वार दिसतील. तेव्हा तेच शुद्ध होते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चार वाढून ते अठरा झाले, आणि वडिलांचे शुद्ध लेखन मुलांच्या वहीत अशुद्ध ठरले. शुद्धाशुद्ध हे असे समाजाने ठरविलेले असते. ते पाळावे, परंतु त्यावरून माणसाची अक्कल मोजू नये.

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की चुका होऊ द्याव्यात असे माझे म्हणणे आहे. मुळीच नाही. नोकरीचा अर्ज वाचणारा साहेब आपल्या मायबोलीचा विचार करीत बसत नाही. तो चुकीचा अर्ज बाजूला ठेवतो. बँकेचे कागद, विम्याच्या अटी, व्यापाऱ्याशी झालेला करार यांत एका शब्दाच्या फरकाने पैशाचे नुकसान होते. म्हणून ‘असू दे, पोर आहे’ असे म्हणून ज्यांनी चूक तशीच सोडली, त्यांनीही मुलाचे हित केले नाही. चूक सांगितलीच पाहिजे. कोणी, कोठे आणि कशी, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या समाजात चुका काढणारे मला मुख्यत्वे दोन प्रकारचे दिसतात. पहिले, लग्नाच्या मांडवात चारचौघांत बोलणाऱ्याला मध्येच अडवून शब्द दुरुस्त करणारे. मागे एका समारंभात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांशी आपली एक सून मोठ्या धीराने इंग्रजीत बोलत होती. ती ‘मॅरीड विथ’ म्हणाली मात्र, नात्यातील एका तरुणाने मोठ्याने ‘टू, टू’ म्हणून सांगितले. त्याचे व्याकरण बरोबर होते. पण ती सून पुढे अवाक्षर बोलली नाही आणि पाहुणेही संकोचले. त्या तरुणाने तिला काय शिकविले? गप्प बसण्यास शिकविले. असा मनुष्य चूक दाखवितो, सुधारीत नाही.

दुसऱ्या प्रकारचे लोक थोडे आहेत, परंतु आपली उन्नती त्यांनीच केली. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. तिची रीत अशी की मराठी वाक्य समोर ठेवावे आणि त्याचे इंग्रजी करून घ्यावे. आज ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणून तिला हसणारे आहेत. पण त्या पाठमालेने शिकणाऱ्याची मायबोली हा अडथळा न मानता पायरी मानली. खेड्यातील दिव्याच्या उजेडात एकट्याने बसून शिकणाऱ्याला त्या पुस्तकाने कधी हसून दाखविले नाही. पुस्तकाचा हा गुण मास्तरांनी आणि घरच्यांनी घ्यावा, एवढेच माझे मागणे आहे.

आता संघापुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, चूक सांगावयाची ती एकांतात, बोलणाऱ्याचे बोलणे पुरे झाल्यावर. एका वेळी एकच सांगावी. दहा चुका एकदम सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती फक्त फजिती.

दुसरी, चुकीबरोबर तिचे कारणही सांगावे. ‘मराठीत आपण असे म्हणतो, इंग्रजीत तसे म्हणत नाहीत’ एवढे एक वाक्य पुरे. त्याने मुलाला इंग्रजी तर कळतेच, पण मराठीही नव्याने कळते.

तिसरी, शिकणाऱ्याने ‘चुकांची वही’ ठेवावी. डाव्या बाजूस आपले चुकलेले वाक्य, उजव्या बाजूस बरोबर वाक्य. निवृत्त होण्यापूर्वीची काही वर्षे मी माझी स्वतःची अशी वही वर्गात मुलांना दाखवीत असे. तिच्या पहिल्या पानावर ‘वेडनेसडे’ आहे. गुरुजींचीही चूक होते हे पाहिल्यावर मुले अधिक बोलू लागली, हा माझा अनुभव आहे.

चौथी, वधूवर मेळाव्यात किंवा मुलगी पाहण्याच्या प्रसंगी ‘जरा इंग्रजीत बोलून दाखव’ अशी परीक्षा घेणे संघाने ठराव करून बंद करावे. सोयरीक जोडावयास गेलेल्यांनी परीक्षकाचे काम अंगावर घेऊ नये. आणि गुणवंतांच्या सत्कारात मुलांना जी भाषा येते तीत बोलू द्यावे.

पाचवी आणि शेवटची. सुटीच्या दिवसांत संघाच्या जागेत इंग्रजी संभाषणाचा एक वर्ग चालवावा. मुलांसाठी तर हवाच, पण सुना, शेतकरी आणि दुकानदार यांच्यासाठीही हवा. त्यात शिकविण्यास मी विनावेतन येईन. माझे इंग्रजी अपुरे आहे. जेथे अडेल तेथे आपल्यातील पदवीधर तरुणांनी मला दुरुस्त करावे, मला आनंदच होईल. एकच अट आहे. त्या वर्गात चूक झाली तर कोणी हसावयाचे नाही.

मी त्या वर्गाची गोष्ट हळदीच्या बाजारात भेटलेल्या माझ्या विद्यार्थ्याच्या कानी घातली आहे. तो म्हणाला, “आता या वयात काय, गुरुजी?” मी त्याला म्हटले, “तू पहिल्या दिवशी उठून ‘माय फादर’ एवढेच म्हण. पुढचे वाक्य आपण दोघे मिळून पुरे करू.” त्याने अद्याप होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. मी वाट पाहत आहे.